जातं थांबवून ओवी रेकॉर्ड करायची, की फिरत्या जात्यावर?

साडेतीन चरण (धागाकर्ता)

मुळशी, मावळ, भोर, जुन्नर या बाजूला जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायला पुण्यातून बरीच मंडळी जातात. चांगलंच आहे. पण त्यातून जे ऐकायला मिळतं, त्यात बहुतेक वेळा जातंच नसतं. आजींना ओट्यावर बसवायचं, समोर माईक धरायचा आणि म्हणायचं, "हं, म्हणा आजी." कारण विचारलं की एकच उत्तर मिळतं, घरघर फार येते हो.

माझं म्हणणं असं, की जातं बाजूला केलंत तर हातात फक्त शब्द उरतात. आणि शब्द आपल्याकडे काही कमी नाहीत. सरोजिनी बाबरांच्या संपादनाखाली लोकसाहित्य समितीने खंडच्या खंड छापले. हेमा राईरकर आणि गी पोआतवँ यांनी पुण्यात बसून, गावोगावच्या बायकांच्या मदतीने एक लाखाहून जास्त ओव्या उतरवून घेतल्या. त्यातल्या ओव्या आता 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर वाचता येतात. पण त्याच संग्रहातला ध्वनी आहे सुमारे १२० तासांचा. लाखभर ओव्यांपुढे तो किती, याचा हिशेब प्रत्येकाने आपापला करावा. म्हणजे तुटवडा चालीचा आहे, गळ्याचा आहे. आणि गळा ठरतो हाताच्या फेऱ्यावर.

एकदा नीट ऐका. कागदावर ओवीच्या ओळी दोन. गाताना पहिल्या ओळीचा अर्धा तुकडा परत येतो, मध्ये 'गं बाई' किंवा 'माझ्या' शिरतं, शेवटचा स्वर लांबतो. हे लांबणं बाईच्या लहरीवर नसतं. डाव्या हाताने वैरण, म्हणजे जात्याच्या तोंडात धान्याची मूठ, घालायची असते, तेवढा वेळ उजवा हात सावकाश होतो आणि स्वर त्याच्याबरोबर ताणला जातो. दोघी समोरासमोर एकाच खुंट्याला धरून बसल्या असतील तर एक ओळ टाकते, दुसरी उचलते, आणि ती उचल जोर कुणाकडे आलाय त्यावर पडते. ओट्यावर बसवलं की चाल घाईची होते, दम भलतीकडे घेतला जातो आणि दुसरी बाई नुसती मान डोलावत बसते.

तेव्हा जातं फिरतं ठेवा. आणि रिकामं फिरवू नका. दगडावर दगड घासला की आवाज कर्कश येतो, वर खर, म्हणजे दगडाचा चुरा, पडते. अर्धा-एक किलो ज्वारी किंवा नाचणी सोबत न्या. डाळ भरडली तर आवाज खडखडीत येतो, शब्द बुडतात. नाचणीचा आवाज त्या मानाने मऊ असतो.

---

तपकीर गल्ली

भावना पोचल्या. असहमत.

जात्याचा आवाज म्हणजे नुसती खालची घुमघुम असती तर ८० हर्ट्झखाली काप लावून मोकळे झालो असतो. बाईचा आवाज सहसा १५०-१६० च्या खाली उतरत नाही, त्याला धक्काही लागला नसता. पण जात्याचा आवाज वरपर्यंत पसरलेला असतो, सळसळीसारखा. नेमका 'स', 'श', 'च', 'थ' जिथे ऐकू येतात त्या पट्ट्यात. मग लिपीकरण करणारा माणूस 'सासू' आहे की 'हासू' आहे यावर अर्धा तास घालवतो आणि शेवटी प्रश्नचिन्ह टाकतो. एका तासाच्या रेकॉर्डिंगला लिहून काढायचे आठ-दहा तास एरवीही लागतातच. जातं असेल तर दुप्पट धरा.

दुसरी गोष्ट, दळताना बाई पुढे-मागे होते. माईक समोर ठेवला, तोंड जवळ आलं की ३० सेंटिमीटर आणि मागे गेलं की ५५, तर प्रत्येक फेऱ्याला पाच डेसिबलचा चढउतार. ओवी ऐकतोय की पाळण्यात बसलोय तेच कळत नाही. छोटा माईक पदराला लावला तर काठ घासतो, पोत घासते. आणि बांगड्या! खुंट्यावर दर फेऱ्याला किणकिण.

स्वच्छ आवाज एकदा घेऊन ठेवा. जात्याचा आवाज वेगळा घ्या, हवा तर मागे लावा.

---

साडेतीन चरण

"हवा तर मागे लावा" म्हणजे सिनेमा झाला. फेऱ्याचा आणि स्वराचा संबंधच तुटला तर मागे लावून काय मिळवलं?

पाच डेसिबलचं गणित बरोबर आहे, पण दोष माईक समोर ठेवण्याचा आहे. बाईची हालचाल पुढे-मागे होते, बाजूला नाही. माईक बाजूने, काटकोनात, ६० सेंटिमीटरवर खांद्याच्या उंचीला ठेवा. ती १२ सेंटिमीटर पुढे गेली काय, मागे गेली काय, अंतर ६१ च्या फारसं वर जात नाही. चढउतार कानाला कळतही नाही.

---

तपकीर गल्ली

अंतर सांभाळलंत, तोंड कुठे आहे ते विसरलात. काटकोनात बसलं की वरचे सूर आणि 'स-श' माईकपर्यंत नीट येतच नाहीत, ते तोंडासमोर सरळ जातात. आधीच जात्याची सळसळ, त्यात व्यंजनं बोथट. फारतर ४५ अंशांवर या, अंतर तेच ६० ठेवा. चढउतार अडीच डेसिबलच्या आत राहतो, तो चालेल. माईक कार्डिऑइड (समोरचं जास्त आणि पाठीमागचं कमी ऐकणारा) असू द्या आणि त्याची पाठ जात्याकडे येईल असा खालून तोंडाकडे थोडा तिरका लावा.

स्टँड सारवलेल्या जमिनीवर तसाच उभा केलात तर जात्याचा हादरा पायांतून चढतो. घडी घातलेली गोधडी किंवा घोंगडी खाली घ्या. एवढं करूनही मी जात्याशिवायचाच टेक मुख्य मानेन.

---

शंकेखोर

बाळबोध प्रश्न. दोन माईक का लावत नाही? एक तोंडाला, एक जात्याला. भांडण मिटलं.

---

तपकीर गल्ली

@शंकेखोर, प्रश्न बाळबोध नाही, पण भांडण मिटत नाही. दोन माईकमध्ये तिप्पट अंतराचा नियम पाळायचा असतो. तोंडाचा माईक तोंडापासून जितका दूर, त्याच्या किमान तिप्पट दुसरा माईक हवा. खाली बसलेल्या बाईचं तोंड जात्यापासून जेमतेम ७० सेंटिमीटर वर असतं. तिप्पट येणार कुठून? दोन्ही ट्रॅक एकत्र केले की आवाज नळीतून आल्यासारखा पोकळ होतो. तेव्हा दोन माईक लावा, पण वेगवेगळ्या मोनो ट्रॅकवर घ्या आणि मूळ प्रतीत कधीही मिसळू नका.

फेरेच मोजायचे असतील तर स्वस्तात उपाय आहे. पिझोची चकती, घड्याळाच्या अलार्ममध्ये असते तीच. पुण्यातल्या तपकीर गल्लीत चिल्लर पैशात मिळते. खालच्या दगडाला बाहेरून मेण किंवा चिकटपट्टीने लावा. तिला हवेतला आवाज जवळजवळ ऐकू येत नाही, फक्त दगडाचा हादरा येतो. प्रत्येक फेरा आलेखावर वेगळा दिसतो. फक्त ती सरळ माईकच्या भोकात खुपसू नका, खालचे सूर गळतात. गिटारसाठीचं, एक मेगाओमचं इनपुट हवं.

---

साडेतीन चरण

हे उत्तम. बघा, जातं थांबवा म्हणणारेच जात्याला तारा लावायला निघाले. :)

---

मावळातली

दोघांचंही चालू द्या, पण जातं फिरवणार कोण? ज्यांच्या तोंडी ओव्या आहेत त्या सत्तरीच्या पुढच्या. खांदे गेलेले, गुडघे गेलेले, खाली मांडी घालता येत नाही. गिरणी येऊन दोन पिढ्या झाल्या. जातं परसात उपडं पडलंय, नाहीतर तुळशीपाशी. टाकी न लावलेलं (छिन्नीने टाचून खरबरीत न केलेलं) जातं गुळगुळीत झालेलं असतं, त्यात धान्य दळलं जात नाही, नुसतं घसरतं. तुमचा 'अस्सल' आवाज त्यातून कसा यायचा?

करायचंच असेल तर सुनेला किंवा नातीला खुंट्याला बसवा आणि आजींना तिच्या बाजूला. हात नुसता खुंट्यावर ठेवला तरी चालतो, जोर दुसरीचा. फेरा अंगाला कळला की चाल आपोआप येते. दहा मिनिटांच्या वर नको. मध्ये पाणी द्या. त्या "नाही, बरंय" म्हणतील, ऐकू नका.

खरं जातं अजून कुठे फिरतं म्हणाल तर लग्नात. हळद दळायला, घाणा भरायला. तिथे बायका आपणहून गातात, कुणी "म्हणा" म्हणावं लागत नाही. फक्त त्या दिवशी मांडवात स्पीकर असतो. तो लागायच्या आत, पहाटेच काम उरकून घ्यावं लागतं. आणि भातलावणीत नाहीतर काढणीत गावात जाऊन "अर्धा दिवस द्या" म्हणू नका. रोज बुडतो. बुडवलाच तर दिवसाची मजुरी द्या, आणि ती आजींच्याच हातात द्या.

बांगड्यांवरून @तपकीर गल्ली यांना एक विनंती. "बांगड्या काढा" असं चुकूनही म्हणू नका. काचेच्या बांगड्या काढायला सांगणं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकीला कळतं. कोपराकडे सरकवून मऊ रुमाल बांधू का, असं विचारा. नको म्हणाली तर किणकिण येऊ द्या.

---

तपकीर गल्ली

बांगड्यांचं मान्य. लिहिताना डोक्यात नुसता आवाज होता.

---

कॅसेटचा फीता

इथे माईकच्या कोनावर पाऊणशे ओळी झाल्या आणि रेकॉर्डिंग संपल्यावर काय, यावर शून्य. वीस वर्षांनी ही फाईल उघडणाऱ्याला ४५ अंश होते की ९०, याने फरक पडणार नाही. बाई कोण होती हे कळलं नाही तर मात्र सगळं पाण्यात.

फोनवाल्यांसाठी आधी. फोनमधला साधा रेकॉर्डर बोलणं टिपायला बनवलेला असतो. सतत येणारा एकसारखा आवाज त्याला गोंगाट वाटतो, म्हणून तो जातं पुसतो. आणि ओवीचा लांबवलेला शेवटचा स्वरही पुसतो, कारण तोही एकसारखाच असतो. तुणतुण्याची तीच गत. शिवाय ओळींच्या मधल्या शांततेत आवाज आपोआप वर चढतो, मग कोंबडा आणि फ्रिज गायिकेपेक्षा मोठे. आवाजशुद्धी आणि आपोआप पातळी दोन्ही बंद करता येतील असं ॲप घ्या, फोन विमान मोडवर टाका, वेव्ह फाईल करा. आणि ती व्हॉट्सॲपवरून पाठवलीत तर केलेलं सगळं वाया जाऊ शकतं. केबलने उतरवा.

रेकॉर्डर असेल तर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. स्टिरिओला तासाला साधारण १ जीबी. जागेची रड नकोच. पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. गोंधळाचं संबळ असेल तर आणखी खाली, संबळाचा पहिला ठोका कुणाचीच वाट बघत नाही. ३२ बिट फ्लोटवर (पातळी नंतर सावरता येते अशा फाईलवर) भरवसा ठेवून पातळी बघायचंच सोडलेले लोक आहेत. माईकच फाटला तर बिट काय करणार?

घरातला फ्रिज बंद करा आणि गाडीची किल्ली त्याच्यावर ठेवा. नाहीतर निघताना चालू करायचं विसराल आणि त्या घरात पुन्हा कुणी उभं करणार नाही.

आता खरा मुद्दा. प्रत्येक फाईलच्या सुरुवातीला तोंडी नोंद, तारीख, गाव, वाडी, गाणारीचं नाव तिच्याच तोंडून. मग खोलीचा नुसता आवाज अर्धा-एक मिनिट. संध्याकाळी मुक्कामाच्या जागी दोन प्रती, दोन वेगळ्या डिस्कवर. त्याच दिवशी चेकसम (फाईलवरून काढलेला पडताळणीचा आकडा) काढून ठेवा, म्हणजे पुढे प्रत सडली की कळेल. कार्ड घरी पोचून तिसरी प्रत होईपर्यंत पुसायचं नाही. पावसाळ्यात पुण्यात कपाटात ठेवलेल्या जुन्या कॅसेटींवर बुरशी चढते, फीता गुंडाळीला चिकटतो. डिजिटल प्रतीला बुरशी लागत नाही, पण ती एका दिवसात सगळीच्या सगळी जाऊ शकते.

---

मावळातली

+१, आणि नोंदीत एक रकाना वाढवा, माहेरचं गाव. ओव्या बहुतेक माहेरी, आईच्या नाहीतर आजीच्या जात्यावर कानावर पडलेल्या असतात. रेकॉर्डिंग होतं सासरी. नकाशावर तुम्ही खूण कराल मुळशीतल्या गावावर आणि ओवी आलेली असेल कोकणातून. वाटल्यास "ही कुठं ऐकली?" असं प्रत्येक ओवीमागे विचारा, पण ओवी संपल्यावर. मध्ये तोडलंत की पुढची आठवत नाही, त्या एकीला एक धरून येतात.

आणि लिहिताना 'पानी' ऐकलंत तर 'पाणी' करू नका.

---

खुलं दार

या सगळ्यावर आणखी एक कुलूप कुणी घालू नये म्हणून लिहितो. घेतलेलं सगळं लगेच, नावासकट, सगळ्यांसाठी मोकळं करा. 'पारंपरिक' एवढाच शिक्का मारून बाईचं नाव गाळायची खोड फार जुनी आहे. 'पारी'वर ओवीखाली गाणारीचं नाव आणि गाव दिसतं, तसंच हवं. संग्रहालयाच्या कपाटात ठेवून अर्ज करायला लावणारे संग्रह कुणी ऐकत नाही, मग ते असले काय आणि नसले काय.

---

कॅसेटचा फीता

नावाला पूर्ण पाठिंबा. 'लगेच' आणि 'सगळं' याला विरोध.

जात्यावर बाई सासूबद्दल, दिराबद्दल, नवऱ्याच्या मारण्याबद्दल गाते, कारण तिथे ऐकायला दुसरं कुणी नसतं. ती पहाटेची आणि चार भिंतींतली जागा होती. आता तिचं नाव, गाव, फोटो लावून ती ओवी जगापुढे ठेवायची? परवानगी घेतली म्हणता, पण काय शब्दांत? "इंटरनेटवर टाकू का?" याला आजी "टाक की बाळा" म्हणणारच. असं विचारा, "हे तुमच्या दिराच्या मोबाईलवर वाजलं तर चालेल का?" मग उत्तर बदलतं. कधी एखादी ओवी वगळायला सांगतात, कधी नाव. रेकॉर्डिंग त्यांना ऐकवल्यावर पुन्हा विचारा, आणि दोन्ही उत्तरं वेगळ्या फाईलमध्ये घ्या. अंगठा उठवलेल्या कागदापेक्षा ते जास्त खरं.

तीन कप्पे पुरतात, गावापुरतं, अभ्यासकांपुरतं, सगळ्यांसाठी. कप्पा ओवीगणिक ठरतो, बाईगणिक नाही.

---

खुलं दार

तीन कप्पे म्हणजे व्यवहारात तिन्ही बंद. आणि बायका इतक्या भोळ्या नाहीत. बाबासाहेबांवरच्या ओव्या गाणाऱ्यांना त्या जगाने ऐकायलाच हव्या असतात. त्यांच्या वतीने लाजायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

---

कॅसेटचा फीता

त्या ओव्या तिसऱ्या कप्प्यात जातील, पहिल्याच दिवशी. मी विचारा म्हणतोय, लाजा म्हणत नाही.

आणि कायदा बघा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ३८व्या कलमाने सादर करणाऱ्याला ५० वर्षांचा हक्क दिलाय. ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र मुद्रण करणाऱ्याकडे, ६० वर्षं. म्हणजे कागद केला नाहीत तर फाईल तुमची आणि आजींना दाद मागायला कोर्ट. 'खुलं' म्हणताना नेमकं काय खुलं केलं ते लिहा. धंद्यासाठी वापरायचं नाही, नाव गाळायचं नाही, विचारल्याशिवाय ताल चढवून मिक्स करायचं नाही. नाहीतर कुणीतरी ठेका लावून व्हिडिओ टाकतो, आणि संकेतस्थळाची आपोआप तपासणी उलट मूळ रेकॉर्डिंगवरच हक्काचा दावा ठोकते.

---

शंकेखोर

गावाला प्रत कशी द्यायची? पेनड्राइव्ह?

---

मावळातली

पेनड्राइव्ह देव्हाऱ्यात जातो. नातवाच्या फोनमध्ये एमपी३ टाकून द्या आणि फोनला लावून आजींना तिथेच ऐकवा. शाळेत एक प्रत, ग्रामपंचायतीत एक. लिहून काढलेल्या ओव्या मोठ्या टायपात छापून द्या, त्या जास्त टिकतात.

---

साडेतीन चरण

बरं, मूळ भांडणावर येतो. @मावळातली यांचं वय आणि खांद्याचं म्हणणं पटलं. मी सुचवतो, आधी जात्यावर दहा मिनिटं, दोन ट्रॅक अधिक दगडावरची पिझो. मग जातं थांबवून त्याच ओव्या पुन्हा, फक्त शब्द नीट कळावेत म्हणून. मूळ टेक पहिला, दुसरा त्याच्या मदतीला.

---

तपकीर गल्ली

क्रम उलटा हवा. दहा मिनिटं जातं ओढल्यावर आजींचा दम गेलेला असतो, मग 'स्वच्छ' टेकमध्ये धाप ऐकू येते. आधी बसून, मग जात्यावर.

---

साडेतीन चरण

बसून आधी घेतलं की ती चाल अंगात बसते आणि जात्यावरही तीच येते. मग तुलना कशाची करायची?

---

मावळातली

मध्ये चहा ठेवा. अर्धा तास जाऊ द्या, दमही जागेवर येतो आणि चालही.

आणि जातं खूप दिवस पडून असेल तर रेकॉर्डिंगच्या आधी मूठभर धान्य दळून ते पीठ जनावरांना घाला. खर असते त्यात. पुढचं पीठ त्या घरातच ठेवा, परत आणू नका.